वळणावरची पांढरी गाडी

आमच्या वसाहतीत त्यांना सगळे बाटलीमावशी म्हणत. नवीन राहायला आलेल्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा, आणि तो दूर करायचं काम मावशी स्वतःच मोठ्या हौसेने करायच्या. "अहो, प्यायच्या नाही हो, तपासायच्या!" असं म्हणून त्या सुरू व्हायच्या.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. उंच स्टुलावर बसायचं, समोर पांढऱ्या उजेडाचा पडदा, आणि त्या उजेडापुढून ओळीने सरकत जाणाऱ्या बाटल्या. एखादीच्या गळ्याशी केसाएवढी चीर, एखादीच्या पोटात बुडबुडा, एखादीचा तळ एका अंगाला पातळ. दिसली की उचलायची आणि शेजारच्या पिंपात टाकायची. "पण ती वाया नाही जायची," मावशी बजावून सांगायच्या. "तिचा चुरा करून परत भट्टीत. जुनी काच घातली की नवी लवकर वितळते." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू ही सोय त्यांच्या माहेरच्यांनीच काढली होती.

त्यामुळे वसाहतीत कचरा वेगळा गोळा करायचे चार मोठे डबे आले, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. कागद, काच, प्लास्टिक आणि पत्रा. आम्ही बाकीचे लोक घरातली पिशवी नेऊन दिसेल त्या डब्यात रिकामी करायचो. मावशी मात्र रोज सकाळी रबरी हातमोजे घालून यायच्या, काचेच्या डब्यातली प्लास्टिकची झाकणं वेचायच्या, कागदाच्या डब्यातून कोणाचे तरी तेलकट खोके बाहेर काढायच्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कोणी नको म्हणत नव्हतं, इतकंच.

डबे ठेवले होते सहाव्या इमारतीच्या मागे, जिथे गल्ली काटकोनात वळते आणि पुढे भिंतीला जाऊन संपते. मावशी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सोबतीला होत्या त्यांच्या नणंदबाई, लग्न न केलेल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. नणंदबाई दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायच्या. त्या खिडकीतून डबे आणि वळण दोन्ही दिसायचं.

आता त्या वळणाची गोष्ट. कचऱ्याचा ट्रक आत यायचा दर मंगळवारी, पावणेआठच्या सुमाराला. त्याला एक लोखंडी हात होता. त्याने डबा उचलायचा, वर नेऊन तळ उघडायचा, आणि सगळं आत पडायचं. पण एवढा मोठा ट्रक वळायला वळण मोकळं लागतं. तिथे जमिनीवर पिवळे पट्टे होते, भिंतीवर पाटीही होती. वसाहत बांधली तेव्हा दर जिन्याला एखाददुसरी गाडी होती. आता एकेका घरात दोन झाल्या. पट्टे पुसट होत गेले आणि एकेक गाडी वळणावर येऊन उभी राहायला लागली. आधी एक, मग तीन, मग पाच. त्या पाचांतली एक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी साळसूदपणा करतोय असं वाटायला नको.

पहिल्या मंगळवारी ट्रक आला, थांबला, भोंगा वाजवला आणि मागे मागे जात निघून गेला. मावशी हातमोज्यांसकट त्याच्या मागे धावल्या.

"अहो ड्रायव्हर! डबे भरलेत!"

ड्रायव्हर भला माणूस होता. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, मी काय गाड्यांवरून नेऊ का? एक ओरखडा आला तर माझी नोकरी जाईल." त्याने एक छापील चिठ्ठी भरून त्यांच्या हातात दिली. 'रस्ता बंद असल्याने संकलन झाले नाही.'

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याला तेच. डबे भरले, मग डब्यांच्या बाजूला ढीग लागले. ढीग पाहिल्यावर लोकांना वाटलं, इथे काहीही टाकलं तरी चालतं. कोणी फाटकी गादी आणून टाकली. कोणी ओला कचराही आणला. वाऱ्याने कागद उडून आठव्या इमारतीच्या कुंपणापर्यंत गेले. माश्या झाल्या. नणंदबाईंना खिडकी लावून घ्यावी लागली, आणि त्यांच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला हाच खरा अन्याय होता.

"वहिनी, तुम्ही काय कचऱ्याच्या मालकीणबाई आहात का?" त्या म्हणायच्या. "सोडून द्या."

"वन्सं, सोडून दिलं तर तुमच्या ताटात माश्या बसतील."

"बसू देत. तुम्ही जाऊन भांडून त्या उठणार आहेत का?"

मावशींनी वही घेतली आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. वसाहतीच्या ऑफिसात कारकून म्हणाला, गाड्यांचं आमच्याकडे नाही, रस्ते विभागाकडे जा. रस्ते विभाग म्हणाला, वसाहतीच्या आतला रस्ता आमच्या ताब्यातच नाही. वाहतूक पोलिसांच्या चौकीत एक बाई होत्या, त्यांनी निदान बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडी लोकांची अडचण करत असेल तर उचलता येते, पण त्या वेळी फोन करायला हवा, गाडी जागेवर असायला हवी आणि तक्रार करणाऱ्याने समोर उभं राहून सही करायला हवी. कचऱ्याच्या कंत्राटदाराकडे फोन केला की आधी गाणं वाजायचं. मावशींना ते गाणं पाठ झालं होतं. भांडी घासताना त्या ते नकळत गुणगुणायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या.

मग त्या घरोघरी आल्या. माझ्याकडेही आल्या. दारात उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"तुमची निळी गाडी मंगळवारी सकाळी तेवढी काढाल का?"

"काढतो की, मावशी. नक्की."

मी काढली नाही. मंगळवारी सकाळी मला उठवेना. शिवाय मला वाटलं, माझी एकट्याची काढून काय होणार, बाकीच्या चार आहेतच. बाकीच्यांनाही बहुधा हेच वाटलं असणार. वसाहतीचे सेक्रेटरी तर म्हणाले, "मावशी, माझी गाडी पाच मिनिटंच असते तिथे." ती पाच मिनिटं संध्याकाळी सुरू व्हायची आणि सकाळी नऊला संपायची.

पाचातल्या चार गाड्या वसाहतीतल्याच होत्या. पाचवी एक छोटी पांढरी गाडी होती, एका दाराला पोचा आलेली. ती सकाळी सातला यायची आणि साडेआठ-नऊला जायची. नेमकी वळणाच्या टोकाला उभी. ती कोणाची हे मावशींना कळेना; सातला त्या घरात चहाच्या गडबडीत असायच्या आणि नणंदबाईंची खिडकी लावलेली. त्यांनी तिच्या काचेवर दोनदा चिठ्ठी लावली, अक्षर वळणदार, भाषा नम्र. उत्तर आलं नाही. सेक्रेटरी छातीठोकपणे म्हणाले, "तो बाहेरचा माणूस आहे हो. इथे फुकट गाडी ठेवतो आणि बसने कुठेतरी जातो." मावशींना ते पटलं. बाहेरच्या माणसाचा राग करणं सोपं जातं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या गाडीतून कोण उतरतं ते मी पाहिलं होतं. एकदा सकाळी दूध आणायला गेलो होतो तेव्हा. पांढऱ्या पोशाखावर करडा स्वेटर घातलेली एक बाई, दोन पिशव्या घेऊन, आठव्या इमारतीकडे अक्षरशः पळत गेली. हे मी मावशींना सांगितलं नाही. सगळ्यांचा रोख त्या पांढऱ्या गाडीवर होता, माझ्या निळीवर नव्हता. मला ते सोयीचं होतं.

मग कंत्राटदाराचं पत्र आलं. आणखी एकदा ट्रक रिकामा परत गेला तर डबे कायमचे काढून नेण्यात येतील. मावशींनी ते पत्र सगळ्या जिन्यांत चिकटवलं. आणि त्या मंगळवारी सकाळी सहा वाजता त्यांनी एकेका दाराची घंटा वाजवली. एकदा वाजवून गेल्या नाहीत. माणूस किल्ली घेऊन बाहेर येईपर्यंत बोट घंटेवरच.

"अहो मावशी, सहा वाजलेत!"

"मला ठाऊक आहे. किल्ली कुठे आहे?"

मी पायजम्यावरच खाली गेलो आणि गाडी काढली. सेक्रेटरीही काढून गेले, पुटपुटत. सात वाजेपर्यंत वळणावर एकही गाडी नव्हती. सात वाजून पाच मिनिटांनी मावशी दोन मिनिटांसाठी घरात गेल्या, नणंदबाईंना चहा द्यायला. बाहेर आल्या तर पांढरी गाडी उभी.

त्यांनी चौकीत फोन केला.

उचलायची गाडी वीस मिनिटांत आली. हे कसं झालं कोण जाणे, एरवी तिथे कोणी फोनही उचलत नसे. मावशींनी सही केली. पांढऱ्या गाडीची पुढची चाकं उचलली गेली आणि ती मान वर केल्यासारखी तिरकी होऊन गल्लीतून बाहेर गेली. पावणेआठला ट्रक आला. सरळ आत आला, वळला, एका दमात. आम्ही सात-आठ जण उभे होतो. लोखंडी हाताने काचेचा डबा वर नेला, तळ उघडला आणि महिनाभराची काच खळकन आत कोसळली. मावशींनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, मानलं तुम्हाला." मावशी लाजल्या. इतक्या वर्षांत त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

साडेआठला ती बाई आठव्या इमारतीतून बाहेर आली. वळणावर आली आणि थांबली. रिकाम्या जागेकडे तिने नुसतं पाहिलं, मग मागे वळून आपण चुकीच्या गल्लीत तर आलो नाही ना हे पाहिलं.

"इथे माझी गाडी होती," ती मावशींना म्हणाली. मावशी सांडलेल्या काचा झाडत होत्या.

"तुमची?" मावशींचा झाडू थांबला. "पांढरी?"

"हो. मी सिस्टर आहे. आठव्या इमारतीत क्लॅरिनेटवाले आजोबा आहेत ना, पक्षाघात झालेले, त्यांच्याकडे येते रोज."

क्लॅरिनेटवाले आजोबा सगळ्यांना माहीत होते. एका बँडमध्ये त्यांनी उभा जन्म वाजवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ते तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळून होते, हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यांना रोज सकाळी उठवतं कोण, धुतं-पुसतं कोण, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नव्हता.

"मीच उचलायला लावली," मावशी म्हणाल्या. "मीच सही केली."

सिस्टर चिडली असती तर बरं झालं असतं. ती कठड्यावर बसली. "माझी दुसरी बॅग गाडीत आहे," ती म्हणाली. "इंजेक्शनची. अजून तिघांकडे जायचंय मला. बाहेरच्या रस्त्यावर लावायची तर जागा शोधण्यात अर्धा तास जातो. मग शेवटच्या माणसाला जेवणाच्या वेळेपर्यंत थांबावं लागतं."

"मी चिठ्ठ्या लावल्या होत्या हो."

"वाचल्या. पण काय करणार होते मी?"

मावशींनी हातमोजे काढले, दार ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर निघाल्या. गाड्या नेऊन ठेवतात ते आवार गावाबाहेर, दोन बस बदलून. तिथे खिडकीतल्या माणसाने सांगितलं, साहेब बाहेर गेलेत, त्यांच्या सहीशिवाय गाडी सुटत नाही. साहेब किती वाजता येतील? येतील. दंड भरू? साहेब आल्यावर. निदान गाडीतली बॅग तरी काढू द्या. साहेब आल्यावर. मावशींनी आपण तक्रार मागे घेतो असं सांगून पाहिलं. त्या माणसाने त्यांच्याकडे दयेने बघितलं. "आजी, अशी मागे घेता येत नाही ती."

पत्र्याच्या शेडखाली एका बाकावर दोघी बसल्या. सिस्टरने एकेकाला फोन लावले. तिला घरोघरी पाठवणाऱ्या ऑफिसला लावला तेव्हा ती उठून लांब गेली, परत आली तेव्हा डोळे लाल होते. पहिल्या पेशंटच्या सुनेने फोनवर तिची खरडपट्टी काढली. दुसरीला तिने शेजारच्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिसरा फोन एका म्हाताऱ्या माणसाला होता. तो एकटाच राहायचा, आणि सिस्टरने हात दिल्याशिवाय त्याला पलंगावरून उठता येत नसे. सिस्टरचा फोन जुना होता, आवाज बाहेर ऐकू यायचा. मावशींना तो शब्दन् शब्द ऐकू आला.

"काका, आज उशीर होणार आहे. फार उशीर."

"बरं बरं," म्हातारा म्हणाला. "काही घाई नाही. मी कुठे जाणार आहे?"

"तांब्या जवळ आहे का?"

"जवळ आहे. हात पोचत नाही, पण दिसतोय."

साहेब अडीचला आले. दंड मावशींनी भरला. सिस्टर नको म्हणाली, पण तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं. मावशींनी तिच्याबरोबर त्या म्हाताऱ्याकडे जायचा हट्ट धरला. त्या दोघी आत शिरल्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि चादर ओली होती. त्याने मावशींकडे पाहिलं आणि पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "तुम्हालाही त्रास झाला." मावशींनी हे मला नंतर कधीतरी सांगितलं, आणि सांगताना मध्येच थांबून माझ्या दारामागे लटकवलेल्या छत्र्या मोजल्यासारख्या बघत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात सिस्टरच्या ऑफिसने तिला दुसऱ्या भागात टाकलं. आमच्या भागात जी नवीन मुलगी आली ती बसने यायची, आणि आठव्या इमारतीत पोचायला तिला साडेअकरा व्हायचे. म्हणजे क्लॅरिनेटवाले आजोबा तोवर रात्रीच्याच कुशीवर.

मावशी त्यांच्या घरी माफी मागायला गेल्या. आजोबांच्या पत्नीने खुर्ची पुढे केली. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" त्या म्हणाल्या. "गाडी तिथे लावायची नव्हती, हेही खरंच की. मीच तिला सांगायचे, लाव गं, कोण काय म्हणतंय." हे ऐकून मावशींना जास्तच अपराधी वाटलं. बोलणी खायची तयारी करून त्या गेल्या होत्या.

त्या सिस्टरच्या ऑफिसात गेल्या, झालं त्यात तिचा काही दोष नव्हता हे सांगायला. टेबलामागच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि लेखी द्या म्हणाल्या. मावशींनी लेखी दिलं. त्यावर शिक्का मारून एक प्रत त्यांना परत मिळाली. एवढंच. पांढऱ्या गाडीला वसाहतीत जागा द्यावी म्हणून त्यांनी सेक्रेटरींकडे अर्ज केला. सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, तुम्हीच उचलायला लावता आणि तुम्हीच जागा मागता? आधी तुमचं काय ते एक ठरवा." आजूबाजूचे हसले. मीही हसलो, सवयीने.

त्यानंतरच्या मंगळवारी वळणावर सहा गाड्या होत्या. मावशी कोणाच्याही दारावर गेल्या नाहीत. नणंदबाईंनी खिडकीतून सांगितलं, "वहिनी, ट्रक आलाय. भोंगा वाजवतोय." मावशी भाजी चिरत राहिल्या. "वहिनी, चालला बघा." नणंदबाईंनीच मला सांगितलं की आपल्या आयुष्यात आपण वहिनींना पहिल्यांदा म्हणालो, "जा ना, बघा तरी."

महिनाभराने कंत्राटदाराची माणसं आली आणि चारही डबे उचलून घेऊन गेली. त्या दिवशी मात्र वळण मोकळं मिळालं, कारण ती दुपारी आली. डबे होते तिथे आता तीन गाड्या मावतात. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. एक मला लागली. मी नको म्हणालो नाही.

मावशी आता रोज सकाळी आठव्या इमारतीत जातात. नवीन मुलगी येईपर्यंत आजोबांना कुशीवर वळवायला त्यांच्या पत्नीला मदत करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी दोघी म्हाताऱ्या बायकांनी मिळून त्यांना कसंबसं वळवलं. आजोबा कण्हले, आणि सतत अंथरुणात राहून पाठीला झालेली जखम उघडी पडली. मुलीने आल्यावर सांगितलं की असं करू नका, वळवायची एक पद्धत असते. तिने ती दाखवलीही. मावशींच्या मनगटात तेवढी ताकद उरलेली नव्हती. तेव्हापासून त्या वळवत नाहीत. आजोबांची पत्नी अंघोळ-स्वयंपाक उरकते तोवर नुसत्या पलंगाशेजारी बसतात.

परवा मी औषधं पोचवायला तिथे गेलो होतो. दार उघडंच होतं. आजोबांना काहीतरी हवं होतं. ते एकच अक्षर पुन्हा पुन्हा काढत होते, 'प' किंवा 'ब' असं काहीतरी. मावशी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन विचारत होत्या.

"पाणी?"

नाही.

"पंखा? पांघरूण?"

नाही.

"बाहेर? बाहेर बघायचंय? पडदा सरकवू?"

आजोबांनी डावा हात थोडा उचलला आणि चादरीवर टाकला. मावशींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी? उशी? पाय दुखतोय? बाजूला घेऊ? बायकोला हाक मारू का? प्रत्येकाला नाही. शेवटी आजोबांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली होती की त्यांनी नाद सोडला होता, ते कळत नव्हतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही कळलं का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून. औषधाची पिशवी टेबलावर ठेवली. मुलगी यायला अजून सव्वा तास होता.